तेल वाढत होतं

समस्त सोलापूरकर, बार्शीकर आणि या दोन गावांमधल्या रस्त्यावर बसून रवंथ करणाऱ्या म्हशी, अशा सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येत आहे की, गेल्या उन्हाळ्यात आमच्या छोट्या पांढऱ्या गाडीला झपाटलं होतं. ज्यानं झपाटलं त्याला मी भर दुपारी, शुद्धीत, चष्मा लावून पाहिलं आहे. निवेदन संपलं. खुर्च्या सरकवू नका, बसा.

सुरुवात सात रस्त्यावर झाली. सकाळचे साडेदहा, सिग्नल लाल, माझा पाय ब्रेकवर. पुढे एक रिक्षा. मी आपला रेडिओ ऐकत, खिडकीतून कोण काय खातंय ते बघत निवांत बसलो होतो. आणि पाय खाली जायला लागला. मी दाबत नव्हतो, नुसता ठेवला होता. झोपलेल्या माणसाचा हात आपल्या हातातून हळूहळू सुटत जावा, तसं ते पायडल माझ्या पायाखालून निघून चाललं होतं. आवाज नाही, झटका नाही. सुताएवढं, मग बोटभर, मग पार तळाला. आणि गाडी पुढे सरकून रिक्षाच्या पाठीला टेकली.

रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "ओ सायेब, ढकलत नेणार हाय व्हय मला घरापतुर?"

मी हसलो. हसताना दोनदा पायडल मारलं तर ब्रेक पुन्हा टणक, जणू काही झालंच नव्हतं. घरी येईपर्यंत तो पाच वेळा उत्तम लागला. सहाव्यांदा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पुन्हा पाय खाली गेला. गल्लीत कुणी नव्हतं. तरी मला वाटलं, पायडलाच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी आहे आणि ते हळूच आपलं टोक ओढतंय.

इथे सांगायला हवं की गाडी माझी नाही, बायकोची आहे. ती बार्शीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. वर्षानुवर्षं एसटीनं जाऊन-येऊन पाठ धरल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली आणि ही जुनी गाडी घेतली. शेजारी एक मैत्रीण, मागे एक मैत्रीण, असा त्यांचा रोजचा सत्तर किलोमीटरचा दौरा असतो. मे महिना सुट्टीचा, म्हणून गाडी माझ्या हातात होती. कॉलेज उघडायला पंधरा दिवस राहिले होते. त्या सोमवारी ही पायाखालून निसटणारी गाडी घेऊन तिघी बायका ट्रॅक्टरांच्या मागून आणि म्हशींच्या मधून बार्शीला जाणार होत्या. म्हणजे माझ्याकडे पंधरा दिवस होते.

आमच्या मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, एक लोखंडी पेटी आणि स्वतः मिस्त्री. दखनी बोलतो, दाढीला मेंदी लावतो आणि गाडीशी बोलताना अदबीनं बोलतो, माणसांशी नाही. त्यानं इंजिन बंद ठेवून पायडल पाच-सहा वेळा मारलं, मग पाय तसाच दाबून धरला आणि डोळे मिटले. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा.

"हवा पकड्या," तो म्हणाला. मग चाकांजवळचे नट सैल करून, मला पायडल मारायला बसवून, त्यानं नळीतून बुडबुडे काढले. ब्रेक दगडासारखा झाला. मी खूश होऊन घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पायडल पुन्हा मऊ. ओल्या मातीत पाय जावा तसं.

मिस्त्रीनं आता गळती शोधली. चारही चाकं काढून आतून हात फिरवला, कोरडी. मी घरी गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागदावर तेलाचा एक ठिपका नाही. ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडताना मात्र मिस्त्री थबकला. झाकणातलं रबर फुगून बाहेर आलं होतं आणि पुन्हा आत बसेना. "ये कायकू फूल्या?" असं स्वतःशीच म्हणत त्यानं ते अंगठ्यानं कोंबलं. माल आजकाल हलकाच येतो, असं दोघांनी ठरवून टाकलं. हे ठरवलं नसतं तर पुढचे आठ-नऊ दिवस वाचले असते. पण माल हलका येतो म्हटलं की सोलापुरात विषय संपतो.

"मास्टर सिलेंडर अंदर से जारा तो तेल कम होना," मिस्त्री म्हणाला. "निशान लगाव तुम. रोज देखो."

मी जखमेला लावायची चिकटपट्टी त्या डबीवर डकवली आणि तेलाच्या बरोबर पातळीवर बॉलपेनानं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं. तेल रेघेच्या वर होतं.

मी चष्मा पुसला. गाडी सपाट जागेवर आहे का पाहिलं. डोळा रेघेच्या समोर आणला. तेल करंगळीच्या नखाएवढं वर. मी नवी रेघ मारली. पुढचा दिवस जशास तसा गेला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा वर.

धावत मिस्त्रीकडे गेलो. त्यानं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुसत दोन पावलं मागे सरकला.

"साब, तेल कम होता सो भोत देख्या मैं. बढता सो पैली बार देखरूं."

आता माझा स्वभाव सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. मला गोष्ट मिळाली की मी ती जपून ठेवत नाही, लगेच वाढायला घेतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी जशी घडली तशी. दुसऱ्या दिवशी मला आठवलं की गाडीचे आधीचे मालक वेळापूरकडचे एक निवृत्त हेडमास्तर होते आणि ते वारल्यावर मुलानं ती विकली होती. बिचारे घरी खाटेवर, नातवंडांच्या गराड्यात गेले होते. मी त्यांना टपरीवर पुलावरून खाली घातलं. तिसऱ्या दिवशी पडताना त्यांचा पाय ब्रेकवर होता. चौथ्या दिवशी तो पाय अजून तिथेच होता. ऐकणाऱ्यांच्या बशीतला चहा गार होत होता. मला काय आनंद होत होता, ते सांगून पटणार नाही.

पण खरं सांगतो, घरी एकटा गाडीत बसलो की तो आनंद कुठल्या कुठे जायचा. एकदा बॉनेटवरची धूळ मी स्वतः स्वच्छ पुसली. दुसऱ्या दिवशी नव्या धुळीवर पाच बोटं उमटलेली होती. कुणी हात टेकवून आत वाकलं असावं, तशी. आणि तेल वर. किल्ली तर मी तेव्हा उशीखाली ठेवत होतो. बॉनेटची कळ गाडीच्या आत, गाडीला कुलूप, किल्ली माझ्या डोक्याखाली.

बायकोला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती. शेवटपर्यंत तिनं चिरायचं थांबवलं नाही.

"भूत असतं तर तेल प्यायलं असतं," ती म्हणाली. "घालत कशाला बसेल?"

"अगं, तेच तर भयानक आहे!"

"कुणीतरी घालतंय." तिनं सुरी खाली ठेवली. "तुम्हीच ना?"

"मी?"

"टपरीवर रोज नवा अंक चाललाय तुमचा. मला मैत्रिणीच्या नवऱ्यानं फोन करून विचारलं, हेडमास्तर खरंच दिसतात का. अहो, मी त्या गाडीतून जाणार आहे. हा तुमचा खेळ असेल तर आत्ता सांगा."

मी आईची शपथ घेतली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात वही घरी राहिली म्हणणाऱ्याकडे बघत असेल.

"लग्नानंतर आजवर अकरा वेळा घेतलीत ही शपथ," ती म्हणाली. "सोमवारी मी गाडी घेऊन जाणार."

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भुताची नाही. गाडीचा ब्रेक जात होता, ती त्या गाडीत बसणार होती, आणि मी इतके दिवस इतकं सुंदर बोललो होतो की माझ्यावर विश्वास ठेवणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

घरात तिसरे म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. विणकर घराण्यातले, बायको आणि ते एकमेकांशी तेलुगूत बोलतात. ती त्यांना नायना म्हणते, मी मामा. उभं आयुष्य त्यांनी यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, सगळ्या मागांवर नजर ठेवणारा माणूस. आता दिवसभर खाटेवर बसून असतात. कधीकधी जेवल्यावर जेवायला मागतात. बाकी काही त्रास नाही. या सगळ्या भानगडीत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, कारण ते गाडीत कधी बसतच नाहीत.

शुक्रवारी दुपारी मी पहाऱ्यावर बसलो. आमच्या गल्लीत सहा-सात घरांत अजून माग आहेत. सकाळपासून त्यांची खटक-खटक चालू असते. नव्या माणसाला पहिल्या दुपारी झोप लागत नाही, आम्हाला मात्र ती ऐकूच येत नाही. मी पुढच्या खोलीत फरशीवर, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडकीपाशी बसलो. पडदा दोन बोटं सरकवलेला. मुठीत किल्ली. समोर अंगणात गाडी, तिची पाठ माझ्याकडे. पलीकडे गल्ली पांढरी पडली होती. सोलापुरात मे महिन्यात अडीच वाजता कुत्रंसुद्धा एक सावली सोडून दुसऱ्या सावलीला जात नाही. बायको आतल्या खोलीत झोपली होती. मामा मागच्या खोलीत.

मग वीज गेली.

कूलरचं पातं दमत दमत थांबलं. आणि गल्लीतले माग एकेक करून थांबले. आधी कोपऱ्यावरचा, मग समोरचा, मग शेजारचा. त्यानंतर जी शांतता झाली ती कानात शिरून बसली. आपण घरात नसून एखाद्या रिकाम्या हौदात बसलोय असं वाटायला लागलं. मी श्वास घेतला तर तोही मोठा वाटला.

गाडीचं बॉनेट हललं.

आधी मला उन्हाचा भास वाटला. मग ते थोडं उचललं गेलं, थांबलं, आणि सावकाश पूर्ण उघडलं. जबडा उघडावा तसं. गाडीजवळ कुणीही नव्हतं. निदान मला दिसत तरी नव्हतं, कारण उभ्या बॉनेटनं पुढचं सगळं झाकलं होतं. किल्ली माझ्या मुठीत रुतत होती. मी आणखी खाली वाकलो, गाल फरशीला टेकवला आणि गाडीच्या पोटाखालून पाहिलं.

पुढच्या चाकांच्या मध्ये दोन अनवाणी पाय होते.

त्या अंगणातल्या फरशीवर दुपारी मी चप्पल घालूनही उड्या मारत जातो. ते पाय हलत नव्हते. तापलेल्या दगडावर, उन्हात, शांत उभे होते. आणि वरून आवाज येत होता. टिक्. टिक्. मग थोडं थांबून पुन्हा, टिक्.

मी उठलो कसा, दार उघडलं कसं, आठवत नाही. गाडीला वळसा घालताना मी हेडमास्तरांची मनातल्या मनात माफी मागितली, हे मात्र आठवतंय.

मामा होते. लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. एका हातात लांब चोचीची पत्र्याची तेलाची कुप्पी, तळ दाबला की टिक् वाजणारी. दुसऱ्या हातात मागावर सूत ओढायची बारीक आकडी. पुढच्या जाळीतून ती आत घालून त्यांनी बॉनेटची कडी सरकवली होती. फणीच्या दातातून केसाएवढा धागा ओढून काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही कडी म्हणजे दोरखंड. त्यांनी बिजागरीला एक थेंब दिला. कडीला एक. मग ब्रेकच्या डबीचं झाकण फिरवून काढलं, आणि माझ्या चिकटपट्टीच्या रेघांकडे ढुंकूनही न बघता, मागाचं तेल आत सोडलं. टिक्, टिक्, टिक्.

"मामा?"

त्यांनी मान वळवली. डोळे माझ्यावर होते, पण बघत होते माझ्या मागे कुठेतरी, बरंच लांब.

"शेठ," ते म्हणाले, "एंडिपोयिंदि. कोरडा पडलाय हा माग. सगळेच बंद पडले, ऐकलं न्हाई तुमी? कारागीर नुसते बसलेत."

मी मागे वळून पाहिलं. गल्ली रिकामी होती. त्यांचे शेठ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि तो कारखानाही आता नाही. पण त्या क्षणी त्या अंगणात तो होता. त्यात ओळीनं माग होते, थांबलेले, आणि मी त्यांच्यासमोर पांढऱ्या सदऱ्यात उभा होतो.

आयुष्यभर मी हौशी नाटकात कामं केली. टाळ्या मिळवल्या, संवाद विसरलो, मिशा गळून पडल्या. पण प्रेक्षक नसताना, एका माणसासाठी, न हसता काम करायची वेळ ती पहिलीच.

"बरं झालं बघितलंत," मी शेठच्या आवाजात म्हणालो. "किती दिवस घालताय ह्याला?"

"माग थांबला की घालतो. कोण बघणार दुसरं?"

"आता पुरे झालं. या आत."

त्यांनी झाकण लुंगीच्या टोकानं पुसून बसवलं, बॉनेट आवाज न करता मिटलं, आणि माझ्या पुढून चालत मागच्या दारानं आत जाऊन खाटेवर आडवे झाले. मी उशाशी बसून राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी वीज आली. शेजारचा माग सुरू झाला, मग समोरचा. खटक-खटक भरून आली तसे ते कुशीवर वळले, डोळे उघडले, आणि मला बघून नेहमीसारखे हसले.

"जावईबापू, चहा झाला का?" मग पाय जवळ घेतले. "तळवे का भाजायलेत ओ माझे?"

मला तेव्हा कळलं. आमच्यासारख्यांना आवाजानं जाग येते. या माणसाला आवाज थांबल्यानं जाग यायची. माग थांबला म्हणजे कुठेतरी बिघाड, म्हणजे उठायचं, कुप्पी घ्यायची, फेरी मारायची. देह खाटेवरून उठायचा आणि मागचं सगळं आयुष्य त्याच्याबरोबर उठायचं. ज्या दुपारी वीज जायची त्याच दुपारी तेल वाढायचं. एवढा साधा हिशेब मला आठ दिवसांत दिसला नाही, कारण मी हेडमास्तरांना पुलावरून ढकलण्यात गुंतलो होतो.

बायकोला उठवून सांगितलं. या वेळी एकही शब्द वाढवला नाही, तरीही तिला खरं वाटेना. शेवटी मी तिला त्यांच्या खोलीत नेलं आणि तळवे दाखवले. लालबुंद. लुंगीच्या टोकाला तेलाचा डाग. ती खाली बसली आणि गार पाण्याचं फडकं त्यांच्या तळव्यांवर ठेवत राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मी तुमच्यावर चिडून गेले असते हो सोमवारी." आणि फडकं पिळत, "नायनांना कळता कामा नये. माझ्या गाडीचा ब्रेक त्यांनी घालवला हे कळलं तर जेवायचे नाहीत ते."

शनिवारी गाडी हातब्रेकच्या भरवशावर, बैलगाडीच्या चालीनं, लिंबाखाली सोडून मी स्कूटर न्यायला चालत घरी आलो. आणि मामा बरोबर निघाले. यंत्र उघडणार आहेत एवढं कानावर पडलं की त्यांना घरी ठेवणं अशक्य. डोळे स्वच्छ, सदरा इस्त्रीचा, माझ्या स्कूटरवर मागे बसून आले.

मी मिस्त्रीला बाजूला घेऊन कानात सांगितलं. त्यानं कानाची पाळी धरली, तोबा म्हणाला, आणि स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं. इंजेक्शनच्या सुईनं डबीतलं तेल ओढून त्यात सोडलं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून गेलं. वर एक पिवळसर थर तरंगत राहिला, थरथरत, डोळ्यासारखा. मग त्यानं मास्टर सिलेंडर उघडला. आतलं रबर, जे ताठ बसून ब्रेकला जोर देतं, ते रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगून लिबलिबीत झालं होतं. म्हणून पायाखाली जोर टिकत नव्हता.

मामांनी हात पुढे केला. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही करायच्या आत ते रबर मामांच्या तळहातावर होतं. त्यांनी ते चिमटीत दाबलं, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावल्यासारखं केलं.

"मागाचं तेल," ते म्हणाले. "मागाचं तेल गेलंय ह्यात. रबर खातंय ते. आमच्याकडं रबराजवळ थेंब पडू देत नव्हतो आमी."

 वरून लिंबोळ्या पडत होत्या. मिस्त्रीनं इतका वेळ पाना पुसला की तो आरशासारखा झाला.

"कोण गाढव हाय?" मामांनी विचारलं.

मी खाली वाकून लिंबोळ्या वेचायला लागलो. मिस्त्रीच म्हणाला, "मिल जायेगा, उस्ताद," आणि गाडीखाली गेला.

रविवारी संध्याकाळपर्यंत काम चाललं. मास्टर सिलेंडर नवा, चाकांतली रबरं नवी, नळ्या नव्या, सगळ्या वाटा धुऊन ताजं तेल. जाळीच्या आतून मिस्त्रीनं एक पत्रा ठोकला, आकडी काय, मुंगीही कडीपर्यंत जाऊ नये असा. कुप्पीचं काय करायचं यावर आम्ही नवरा-बायकोंनी बराच खल केला. ती काढून घ्यायची तिची हिंमत झाली नाही, आणि माझी तर नाहीच नाही. राहिली ती खाटेखाली.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती निघाली. सवयीनं पहाटेच सुरू झालेले माग नेमके तेव्हा थांबले होते, वीज पुन्हा गेली होती. गल्लीत तीच पोकळ शांतता. तिनं गाडी अंगणातून काढली. आमची गल्ली रस्त्याच्या दिशेनं उतरती आहे. गाडी उताराला लागली, आणि मी पाहिलं, उताराच्या टोकाला, गल्लीच्या बरोबर मध्ये, मामा उभे होते. हात पाठीमागे. पाय अनवाणी. ते कधी बाहेर गेले ते कुणाला कळलं नव्हतं.

दुरुस्त केलेल्या मागाची पहिली फेरी चालते तेव्हा जॉबर कुठे उभा राहतो, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. आडवं सूत नेणारा धोटा निसटला तर जिकडून उडून येईल, त्या बाजूला. म्हणजे चालवणाऱ्याला भरवसा वाटतो. पण त्या सकाळी ते कुठल्या कारखान्यात उभे होते, आमच्या गल्लीत की त्या जुन्या, ते मला इतक्या लांबून ओळखता येईना. मी धावत सुटलो. बाजूच्या आरशात बायकोचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. गाडी खाली चालली होती आणि ते बाजूला होत नव्हते. 

तिनं ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. बंपर आणि त्यांचा गुडघा यांच्यात चार बोटं अंतर. आत बसलेल्या बायकोनं कपाळ स्टेअरिंगला टेकवलं. मी धावत पोचलो तेव्हा मामांनी बॉनेटवर हात ठेवला होता. त्यांनी गाडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळी गल्ली दारात येईल एवढ्या आवाजात ओरडले,

"आता ह्याच्यात कुणी तेल घातलं तर हात तोडीन त्याचा!"